आमच्या खिडकीतला पिवळा दिवा

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक दिवा आहे. आकाशकंदील नाही की शोभेची माळ नाही. कंपनीत मशीनच्या डोक्यावर असतो ना, लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन डबे एकावर एक रचलेला टॉवर लाईट, तो. मशीन नीट चाललं की हिरवा, बंद पडलं की लाल. आमच्याकडे तो माझ्या एका गोळीसाठी बसवलेला आहे. गोळी शर्टाच्या गुंडीहून लहान आणि दिवा हातभर लांब. नाकापेक्षा मोती जड असं लोक नुसतं म्हणतात, आमच्या घरात ते भिंतीला स्क्रू मारून बसवलं आहे.

हा कारभार अर्थात आमच्या ह्यांचा. हे चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. उभा जन्म दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट शोधण्यात गेला आणि त्याचा पगारही मिळाला. मग रिटायर झाले आणि खोट शोधायला घरात मी एकटीच उरले. लेक लग्न होऊन सांगवीला गेलेली. पहिले काही महिने ह्यांनी माझी डाळ, माझे डबे, माझी कपडे वाळत घालायची पद्धत सगळं तपासलं. मी एकदा लाटणं दाखवलं, तेव्हा तपासणी बाल्कनीतल्या कुंड्यांकडे वळली.

आणि मग माझ्या छातीत गाठ निघाली.

कॅन्सर होता. मी हा शब्द चोरून बोलत नाही. आमच्या विहारातल्या काही बायका त्याला अजून 'ते' म्हणतात, जणू नाव घेतलं तर जिना चढून वर येईल. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, त्या दिवसांबद्दल मला इथे काही लिहायचं नाही. लिहायचं आहे ते त्यानंतरच्या गोळीबद्दल.

डॉक्टरबाईंनी फाईल पाहून पहिला प्रश्न विचारला, "तुमची पाळी बंद होऊन किती वर्षं झाली?"

मी मनात हिशेब करू लागले. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून उत्तर आलं. "ज्या वर्षी कंपनीनं थर्ड शिफ्ट बंद केली, त्याच वर्षी, मॅडम. आदी शिफ्ट बंद झाली, मग दिवाळीनंतर हिची."

मला जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. डॉक्टरबाईंनी मात्र पेन खाली ठेवलं आणि थर्ड शिफ्ट कधी बंद झाली ते शांतपणे विचारून घेतलं. म्हणाल्या, "हे विचारावंच लागतं. पाळी पूर्ण गेलेली असेल तरच ही गोळी अशी एकटी देता येते. अंडाशय चालू असेल तर तिचा उपयोग होत नाही. आता तुमचं अंडाशय थांबलंय, पण शरीरातल्या चरबीत वगैरे थोडं इस्ट्रोजेन बनतच राहतं. तुमची गाठ त्या इस्ट्रोजेनवर पोसणारी होती. ही गोळी ते बनू देत नाही."

ह्यांचे डोळे चमकले. "म्हंजी मेन प्लँट बंद पडला, पर चाकणच्या शेडमदले बारके व्हेंडर माल काढत्यातच. आन् ही गोळी त्या व्हेंडरांच्या मशिनीला कुलूप लावती."

"अगदी बरोबर," डॉक्टरबाई म्हणाल्या. पुढे त्या हाच दाखला बाकीच्या बायकांना देऊ लागल्या, असं मला तिथल्या सिस्टरनी सांगितलं. माझ्या अंगात एमआयडीसी आहे हे मला अशा रीतीने साठीच्या तोंडावर कळलं.

मग सूचना झाल्या. रोज एक गोळी, शक्यतो ठरल्या वेळी, किमान पाच वर्षं. एखादा दिवस राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून आधी हाडांचा स्कॅन आणि बरोबर कॅल्शियम, डी जीवनसत्त्व. दुसरं कुठलंही औषध, टॉनिक, पावडर त्यांना विचारल्याशिवाय नाही. अंगात गरम वाफा येतील, सांधे दुखतील. "दुखलं तर मला सांगायचं," त्या म्हणाल्या, "पण आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. गाठ परत येऊ नये म्हणूनच ती आहे." हे सगळं ऐकताना मी मान डोलवत होते आणि हे छातीवर हात बांधून उभे होते, सकाळच्या शिफ्टला सूचना ऐकताना उभं राहावं तसे.

रिक्षात बसल्याबरोबर म्हणाले, "माणसाच्या ध्यानावर काय सोडायचंच न्हाई. माणूस चुकतोच. आपुन असं करू की चुकायला जागाच उरली न्हाई पायजे."

मी म्हटलं, "अहो, एक गोळी आहे. पाण्याबरोबर गिळायची आहे."

"आसंच म्हंत्यात सगळे," हे म्हणाले, "आन् मग लॉट रिजेक्ट होतो."

दिवा भोसरीच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमधून आला. ह्यांनी दोन दिवस स्वयंपाकघराचा ताबा घेतला. सकाळी चहाच्या वेळी टायमरवर लाल दिवा लागायचा. गोळ्यांची डबी एका लाकडी पट्टीवर ठेवलेली, तिच्याखाली बटण. डबी उचलून गोळी काढली आणि डबी परत ठेवली की लाल जाऊन हिरवा. बाजूला एक जाडं पिवळं बटण होतं. ते कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "हेल्पसाठी. कामगाराला काय अडचण आली, की त्यो पिवळा दाबतो. मग सुपरवायझरनं यिऊन विचारायचं."

"माझा सुपरवायझर कोण?"

त्यांनी कॉलर नीट केली.

चूक झाली ती जागेची. बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालतानाही दिसावा म्हणून ह्यांनी तो दिवा खिडकीत बसवला. आमची खिडकी समोरच्या बिल्डिंगकडे आहे. आणि संत तुकाराम नगरातली आमच्या समोरची बिल्डिंग म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांतून रिटायर झालेल्या माणसांचं गोदाम. कुणी प्रेसवर होता, कुणी पेंट शॉपला, कुणी मेंटेनन्सला. सकाळी सगळे बाल्कनीत चहा घेऊन उभे असतात. ह्या माणसांनी तीस-तीस वर्षं लाल दिवा दिसला की पळायचं, एवढंच केलेलं. लाल दिवा समोर असताना त्यांच्या घशाखाली चहा उतरेना.

पहिल्याच सकाळी मी दात घासत होते. समोरून मेंटेनन्सवाले भाऊ ओरडले, "वहिनीऽ, लाईन का थांबली?"

माझ्या तोंडात ब्रश. मी हातानेच 'थांबा' म्हणून खूण केली. त्यांना वाटलं बोलावते आहे. जिना चढून वर आले, हातात पाना होता. बिचारे धापा टाकत होते. मी गोळी घेतली, डबी ठेवली, दिवा हिरवा झाला आणि समोरच्या बाल्कन्यांमधून टाळ्या पडल्या. आयुष्यात मला टाळ्या पडल्या त्या अशा, गाउनमध्ये, तोंडाला फेस असताना.

त्या दिवसापासून माझी गोळी सार्वजनिक झाली. भाजीवाल्यापाशी माणसं 'कशा आहात' म्हणायची सोडून 'ग्रीन ना?' विचारू लागली. मी चिडून दिवा काढा म्हणून हटून बसले. पण हे म्हणाले, "येवढी मानसं लक्ष ठिवत्यात, फुकाट. कंपनीत आसं मॅनपॉवर मिळत न्हाई."

एकदा आम्ही लेकीकडे सांगवीला मुक्कामाला गेलो. गोळ्या मी पर्समध्ये नेल्या होत्या, सकाळी वेळेवर घेतलीही. पण घरच्या टायमरला ते कोण सांगणार? इकडे दिवा लाल झाला आणि लालच राहिला. समोरच्या बिल्डिंगीत म्हणे मीटिंग भरली. आम्हाला फोन करायचं कुणाच्याही डोक्यात आलं नाही, कारण लाईन थांबली की फोन करत नाहीत, सप्लाय तोडतात. मेंटेनन्सवाल्या भाऊंनी खाली जाऊन आमच्या मीटरचा फ्यूज काढला. दिवा विझला आणि सगळे निर्धास्त होऊन नाश्त्याला गेले. आम्ही संध्याकाळी परतलो तेव्हा फ्रीजमधलं इडलीचं पीठ डब्याचं झाकण ढकलून खालच्या कप्प्यात कोथिंबिरीला भेटायला उतरलं होतं. भाऊ मोठ्या अभिमानाने म्हणाले, "वहिनी, लाईन सेफ केली."

दुसऱ्यांदा राजगुरुनगरला ह्यांच्या पुतणीच्या लग्नात गोळ्या घरीच राहिल्या आणि एक दिवस खरंच चुकला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी तळहातावर दोन गोळ्या आणून धरल्या. "कालचा बॅकलॉग आज काढू."

"डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या?"

"दोन घ्यायच्या न्हाईत. पर प्रॉडक्शन..."

"माझ्या पोटात ओव्हरटाइम चालत नाही," मी म्हटलं आणि एक गोळी परत डबीत टाकली. ह्यांचा चेहरा पडला. टार्गेट हुकलं की तो तसाच पडतो.

मग शेजारच्या ताईंचं प्रकरण. ह्या ताई मूळच्या लातूरकडच्या, मनाने लोण्याहून मऊ. गोळी सुरू झाल्यावर मला गरम वाफा येऊ लागल्या होत्या. मी फ्रीजचं दार उघडून त्याच्यासमोर स्टूल टाकून बसायचे आणि तिथेच मेथी निवडायचे. ताईंनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्टीलचा मोठा डबा घेऊन आल्या. "शतावरी हाय, वैनी, आन् आमच्या गावाकडच्या वैद्याची पावडर. पाळी गेलेल्या बाईला लई चांगली. गेलेलं समदं परत भरून येतंय बघा. खाऊन तर बघा की ओ!"

मी डबा घ्यायला हात पुढे केला, तर मध्ये ह्यांचा हात आला. ह्यांनी डबा घेतला, उलटा करून पाहिला, वास घेतला आणि मोरीतल्या लाल बादलीत नेऊन ठेवला. कंपनीत शंका असलेला माल लाल पेटीत ठेवायची पद्धत आहे. ताईंना ही पद्धत कुठून ठाऊक असणार? त्यांनी आपला डबा मोरीच्या बादलीत जाताना पाहिला.

"मोरीत ठिवलाव?" ताई म्हणाल्या.

"होल्डवर ठिवलाय," हे म्हणाले. "टाकला न्हाई. इन्स्पेक्शन झाल्याबिगर लाईनला घेता येत न्हाई."

मी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, रोजच्या जेवणात जे खाता ते खा, पण अशा पावडरी नकोत. काहींमध्ये इस्ट्रोजेनसारखं काम करणारं असतं, काहींमध्ये काय असतं ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. आपण कुलूप लावतोय आणि मागच्या दाराने तेच आत आणायचं, असं नको. ताईंना हे पटलं, पण मोरी त्या विसरल्या नाहीत. डबा धुऊन पुसून परत नेला आणि जाताना ह्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "आमच्याकडं पाहुण्याचा डबा कुणी मोरीत ठिवत नाई." पुढे कितीतरी दिवस ह्यांना आमच्या मजल्यावर कुणी चहा विचारला नाही. ह्यांनी जिन्यात भेटून माफी मागितली तेव्हा कुठे बासुंदीची वाटी आली. ती ह्यांनी न तपासता खाल्ली.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण हळूहळू माझी बोटं धरू लागली.

सकाळी उठलं की मूठ वळत नसे. गुडघे, टाचा, मनगटं सगळं आखडलेलं. गुडघ्यांचं मला फारसं वाटलं नाही, गुडघ्यांवर माझं प्रेम कधीच नव्हतं. पण हात! मी वर्षानुवर्षं कंपनीतल्या पोरांना डबे करून दिले. गावाकडून एकटी आलेली पोरं, माझी भाकरी खाऊन आईची आठवण काढायची. ह्यांचे राजगुरुनगरचे नातेवाईक कुणाच्या हाताला सहज बरं म्हणणारे नाहीत, पण माझी भाकरी फुगली की तेसुद्धा गप्प बसतात. ऑपरेशननंतर डबे बंद केले, पण घरची भाकरी मीच थापते. ती माझी एकटीची गोष्ट आहे. ती मला कुणाला द्यायची नव्हती, कॅन्सरलाही नाही आणि गोळीलाही नाही.

मी कुणाला काही बोलले नाही. आणि खरं सांगायचं तर घरीदारी मला कुणी विचारलंही नाही. सगळे दिव्याकडे बघायचे, हिरवा दिसला की खूश. "वहिनी, ग्रीन!" समोरून आरोळी यायची. मी मनात म्हणायचे, मेल्यांनो, डबी ग्रीन आहे, मी नाही. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं, "काही त्रास?" मी तोंड उघडेपर्यंत हे बोलून मोकळे. "हंड्रेड परसेंट ग्रीन, मॅडम! एक दिवस सोडला तर झीरो डिफेक्ट." त्यांचा चेहरा इतका फुललेला होता की मला तो विझवावासा वाटेना. मी म्हटलं, "बरं आहे." घरी येताना रिक्षात मला इतका राग आला होता की मी सगळा रस्ता दुकानांच्या पाट्या वाचत बसले.

मग ती सकाळ आली. दिवा लाल होता. मी आधी भाकरी थापायला घेतली, गोळी नंतर घेऊ म्हटलं. ज्वारीचं पीठ ताजं, आधणाचं पाणी, काही कमी नव्हतं. पण बोटं पसरेनात. भाकरी परातीत फिरवताना मधोमध चिरली. गोळा मोडून परत मळला. परत चिरली. तिसऱ्यांदा ती उचलताना हातातच दोन तुकडे झाली आणि एक तुकडा माझ्या पायावर पडला.

मी त्या तुकड्याकडे पाहिलं आणि ठरवलं की बस झालं. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच. पाच वर्षं अशी काढायची? आणि पाच वर्षांनी काय उरणार, हिरवा दिवा? मी डबी उचललीच नाही. पिठाचे हात मांडीवर घेऊन खाली बसले. मला मरणाची भीती वाटत होती, ती रोज वाटते, पण त्या क्षणी गोळीचा राग भीतीपेक्षा मोठा होता.

समोरून सुरू झालं. "वहिनीऽ, लाल आहे!" थोड्या वेळाने दुसरा आवाज, "वहिनी, गोळी!" मग तिसरा. कुणीतरी ताटली वाजवली.

मी उठले. मला त्या सगळ्यांच्या बाल्कन्या कोसळाव्यात असं वाटत होतं. हात दिव्याच्या वायरीकडे गेला होता, ती उपटणारच होते. पण वायरीच्या अलीकडे ते जाडं पिवळं बटण होतं. ते कुणीच कधी दाबलं नव्हतं. मी पिठाच्या मुठीनेच त्याच्यावर गुद्दा मारला.

पिवळा दिवा लागला आणि समोरची बिल्डिंग गप्प झाली.

नुसती गप्प नाही, माणसांनी कप खाली ठेवले. मेंटेनन्सवाले भाऊ बाल्कनीच्या कठड्याला धरून उभे राहिले, पण ओरडले नाहीत. पिवळ्याचा अर्थ त्या सगळ्यांना पाठ होता. पिवळा लागला की कामगारावर ओरडायचं नसतं. त्याने लपवलं नाही, सांगितलं. आता वरच्याने खाली यायचं असतं.

हे बाथरूममधून तसेच बाहेर आले. अर्ध्या गालाला दाढीचा फेस, अर्धा गाल साफ, कमरेला टॉवेल. डबीकडे पाहिलं. गोळी घेतलेली नाही हे त्यांना दिसलं. मला वाटलं आता भाषण. पण तीस वर्षांची सवय मोडत नाही. पिवळ्या दिव्यासमोर उभं राहून जे विचारायचं असतं तेच त्यांच्या तोंडून आलं. "काय अडचण हाय?"

इतक्या महिन्यांत घरात हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला. मी रडायला लागले. हुंदके देऊन, नाक वाहेपर्यंत. "बोटं वळत नाहीत," मी म्हटलं. "सकाळी मूठ मिटत नाही. भाकरी येत नाही मला. बघा, तुटली. मला नको ही गोळी. मेले तर मेले."

ते खाली बसले. परात पुढे ओढली, भाकरीचा गोळा उचलला आणि थापू लागले. त्यांनी आयुष्यात भाकरी थापलेली नव्हती. तयार झालं ते महाराष्ट्राच्या नकाशासारखं, कोकण जाड आणि विदर्भ फाटलेला. दाढीचा फेस त्यात टपकला. थापता थापता म्हणाले, "भाकरी मी करीन. ही अशीच हुईल, पर करीन. तू बोट बी हलवू नगो. पर गोळी सोडायची आसंल तर त्या मॅडमला इचारून सोड. आपल्या मनानं नगो. मला..." आणि त्यांनी कमरेच्याच टॉवेलने तोंड पुसलं, तर फेस सगळा डोळ्यांत गेला. ते फेसामुळे रडले की कशामुळे, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

त्या दिवशी गोळी मी घेतली. भाकरी मात्र आम्ही दोघांनी मिळून टाकून दिली, तिच्यात साबण होता.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरबाईंकडे गेलो. ह्यांना मी बाहेर बसवलं. डॉक्टरबाईंनी माझी बोटं एकेक करून हातात घेतली, वाकवून पाहिली. "अहो, हे फार बायकांना होतं," त्या म्हणाल्या. "आणि ह्याला उपाय आहेत. सांगितलं का नाहीत?"

"हिरवी होते ना मी," असं माझ्या तोंडून गेलं. त्यांना कळेना. मग मी दिव्याची सगळी हकीकत सांगितली, आणि त्यांना इतकं हसू आलं की बाहेरून सिस्टर डोकावून गेल्या.

त्यांनी रक्त तपासलं, डी जीवनसत्त्व तळाला गेलेलं निघालं, ते वाढवलं. गोळी काही आठवडे बंद ठेवू म्हणाल्या, त्यांच्या देखरेखीखाली, आणि मग त्याच जातीची दुसरी सुरू करू. एकीने धरतं, दुसरीने कधी कधी धरत नाही. रोज चालणं, हातांचे व्यायाम, थोडी वजनं उचलणं. हे सगळं हाडांनाही लागतंच. दुखलं तर कुठली वेदनाशामक किती घ्यायची तेही लिहून दिलं. शेवटी म्हणाल्या, "आणि ह्यापुढे 'काही त्रास?' ह्याचं उत्तर तुम्ही द्यायचं. त्यांनी नाही."

गोळी बंद होती ते आठवडे ह्यांचे फार कठीण गेले. दिव्याचं करायचं काय? शेवटी त्यांनी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'प्लॅन्ड शटडाऊन' असं लिहून खिडकीत लटकवलं, म्हणजे समोरच्यांनी घाबरू नये. शेजारच्या ताई ती पाटी वाचून मला हळूच विचारून गेल्या, "वैनी, घर इकायलाव का?"

दुसरी गोळी सुरू झाली. बोटं एकदम सुटली नाहीत. अजूनही थंडीत सकाळी मूठ मिटायला वेळ लागतो, कोमट पाण्यात हात बुडवून बसावं लागतं. पण भाकरी येते. पहिल्यांदा फुगली त्या दिवशी मी ती तव्यावरून चिमट्याने उचलली आणि खिडकीतून समोरच्या बिल्डिंगीला दाखवली. मेंटेनन्सवाल्या भाऊंनी चहाचा कप वर केला.

दिव्याची वायरिंग ह्यांनी बदलली आहे. आता सकाळी लाल लागतच नाही, आधी पिवळा लागतो. ह्यांनी येऊन 'काय अडचण हाय?' विचारायचं, मी खरं खरं सांगायचं, मगच गोळी आणि हिरवा. हे पेपर वाचत बसले आणि विचारायचं विसरले की समोरून आरोळी येते, पण आता ती माझ्या नावाने नसते. "अहो राव, विचारा की वहिनींना! पिवळा कधीचा लागलाय!" हे पेपर टाकून धावत येतात. हे बघायला मला फार आवडतं. कधी कधी मला काहीच अडचण नसते, तरी मी जरा वेळ विचार केल्यासारखं करते.

परवाची गोष्ट. मी उठून स्वयंपाकघरात आले तर टायमरची वेळ व्हायच्या आधीच पिवळा दिवा लागलेला. हे दिव्याखाली स्टूलवर बसलेले, चष्मा हातात. बटण त्यांनीच दाबलं होतं.

मी समोर उभी राहिले. सुपरवायझर त्या दिवशी मीच होते, म्हणून मी विचारलं, "काय अडचण आहे?"

"काय न्हाई," हे म्हणाले. मग बराच वेळ चष्म्याची काडी उघडली, मिटली. "पहाटं सपान पडलं. मी भाकरी करत हुतो. चांगली जमली हुती, गोल. आन् घरात खायला कुणीच न्हवतं."

समोरच्या बाल्कनीत भाऊ येऊन उभे राहिले होते. पिवळा पाहून त्यांनी तोंड उघडलं, मग ह्यांना दिव्याखाली बसलेलं पाहिलं आणि तोंड मिटून ते आत गेले.

मी डबी उचलली. गोळी जिभेवर ठेवली, वर पाणी प्यायले आणि ह्यांच्यासमोर वाकून, लहान मुलं दाखवतात तसं, आ करून दाखवलं. त्यांनी चष्मा घातला. हनुवटीला बोट लावून माझं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. जिभेच्या खाली पाहिलं, दोन्ही गालांत पाहिलं.

"ओके," हे म्हणाले.

मी डबी जागेवर ठेवली आणि तवा टाकला.